काजळी कोणाच्या नावे?

माणसाने मेव्हण्याला विचारून तीन गोष्टी करू नयेत. घर बांधू नये, मुलाचे नाव ठेवू नये आणि मोटार घेऊ नये. पहिल्या दोन बाबतींत मी वाचलो. घर बांधण्याइतके पैसेच नव्हते म्हणून तयार फ्लॅट घेतला, आणि मुलाचे नाव ठेवण्याचा हक्क आत्याचा असतो. तिसऱ्या बाबतीत मात्र सापडलो.

"दाजी, घ्यायची तर डिझेलच घ्या," मेव्हणा म्हणाला. "ॲव्हरेज बघा, ताकद बघा. घाट असा चढते..." इथे त्याने आपला हात विमानासारखा वर नेला. घाट हा शब्द ऐकून मीही भारावलो. इंदिरानगरातले आमचे घर आणि शालिमारजवळची आमची शाखा यांच्यात साडेचार किलोमीटरचे अंतर आहे आणि त्यात घाट म्हणावा असा एकच चढ म्हणजे बँकेच्या पायऱ्या, हे त्या क्षणी मला सुचले नाही. मी बी. कॉम. आहे. वीस-बावीस वर्षे काउंटरवर बसून लोकांना मुदत ठेवीचे व्याज तोंडी सांगतो आहे. पण स्वतःच्या खरेदीच्या वेळी माणसाचा वाणिज्य शाखेशी असलेला संबंध तुटतो, असे माझे निरीक्षण आहे.

गाडी आली. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, वणीच्या गडावर जाऊन आलो. घाट खरोखरच विमानासारखा चढला. त्यानंतर गाडी रोज सकाळी साडेनऊला निघून मुंबई नाका, गडकरी चौक करीत शालिमारला जाऊ लागली आणि संध्याकाळी तशीच परत येऊ लागली. आठ महिने सुखाचे गेले. मग एके दिवशी मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभा असताना समोर एक पिवळा दिवा लागला. दिव्यात एक डबी आणि डबीत ठिपके. मला ते साबुदाण्यासारखे दिसले. संध्याकाळी हिला दाखवले. ती म्हणाली, "अहो, गांधिलमाशीचं घर दिसतंय. गाडीत कुठे केलंय का बघा." मी बॉनेट उघडून पाहिलेसुद्धा.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "सर, रोजचं रनिंग किती?"

"नऊ किलोमीटर. जाऊन-येऊन," मी अभिमानाने सांगितले. गाडी जपून वापरतो, असा त्यात भाव होता.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की, रोज सकाळी अर्धा किलो जिलबी खातो असे सांगणाऱ्या मधुमेह्याकडे डॉक्टर पाहतात. "सर," तो हळू आवाजात म्हणाला, "डिझेल गाडी आणि नऊ किलोमीटर?" आणि मग त्याने मला डीपीएफ नावाच्या प्रकरणाची दीक्षा दिली.

वाचकहो, हे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा नैतिक पेच त्याच्या पोटात आहे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-सिक्स नावाचे नियम लागू झाले. बीएस-फोर संपले आणि एकदम सिक्स आले. पाचवी इयत्ता गाळून देश थेट सहावीत बसला. डिझेलमधले गंधकाचे प्रमाण दहा लाखांत ५० भाग होते, ते १० वर आणले. तारीख १ एप्रिल, म्हणजे आमच्या बँकेच्या दृष्टीने नव्या वर्षाचा पहिला दिवस आणि इतरांच्या दृष्टीने फसवणुकीचा. त्या दिवशी देशातल्या रस्त्यांवरची हवा इतकी स्वच्छ होती की विचारू नका. कारण टाळेबंदी होती आणि सगळ्या गाड्या दारात उभ्या होत्या. मारुतीने तर त्या मुहूर्तावर डिझेल गाड्या बनवणेच सोडून दिले. शहाण्याला तेवढा इशारा पुरला असता. पण मी मेव्हण्याला विचारले.

या नियमांमुळे डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक जाळी बसवावी लागली. चिनी मातीच्या जातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, आत बारीक बारीक नळ्या. एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. त्यामुळे धुराला नळीच्या भिंतीतून झिरपून जावे लागते आणि काजळी अलीकडेच अडकते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे सस्पेन्स खाते. ज्या रकमेचे काय करायचे ते आज ठरत नाही, ती तात्पुरती ठेवायची जागा. सस्पेन्स खात्याचा नियम असा की, ते वेळच्या वेळी मोकळे केले पाहिजे. आणि अनुभव असा की, ते कोणी करीत नाही, आणि इन्स्पेक्शन आले की शाखेची छाती धडधडू लागते.

गाडी लांब पल्ल्याला गेली की धूर इतका तापतो की अडकलेली काजळी आपोआप जळत राहते. हे रोजच्या रोज क्लिअरिंग. तेवढ्याने भागले नाही तर गाडीतला कॉम्प्युटर थोडे जास्त डिझेल सोडून जाळीचे तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. याला रीजनरेशन म्हणतात. पण साडेचार किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही, तर जाळी कुठली तापणार? रोज चहाचे आधण ठेवायचे आणि उकळी फुटायच्या आत गॅस बंद करायचा, असा आठ महिने मी त्या गाडीशी वागलो होतो.

"उपाय काय?" मी विचारले.

"सर, हायवेला न्या. साठच्या वर, एका लयीत, पंचवीस मिनिटं. मधे थांबायचं नाही."

अशा रीतीने आमच्या कुटुंबात काजळीचा रविवार सुरू झाला. पहाटे उठायचे आणि मुंबई रस्त्याने पांडवलेणी, विल्होळी, वाडीवऱ्हे करीत घोटीपर्यंत जायचे. लोक तिकडे भावली धरण बघायला जातात, इगतपुरीला ध्यान करायला जातात. आम्ही काजळी जाळायला जात होतो. शेजारच्या काकांनी एकदा विचारले, "काय, आज कुठे?" मी खरे ते सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ते माझ्याशी सांभाळून बोलतात.

पहिल्या रविवारी वाडीवऱ्ह्याच्या पुढे, जाळी नुकती तापली असेल अशा वेळी, ही म्हणाली, "अहो, थांबा थांबा, मिसळ!"

"थांबता येत नाही. पंचवीस मिनिटं व्हायची आहेत."

"देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा माणूस एवढं कडक पाळत नाही," ती म्हणाली. थांबलो. मिसळ झकास होती. रीजनरेशन अर्धवट राहिले. असे तीन-चार वेळा झाले. मग एकदा हौसेने इंजिनातले तेल तपासायला पट्टी बाहेर काढली, तर तेल वाढलेले! घरातले तेल कमी होते, महिनाअखेरीस संपते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. पण वापरून तेल वाढल्याचे आयुष्यात प्रथमच पाहिले. मुदत ठेवीवर व्याज चढावे तसे ते चढले होते. मला क्षणभर मेव्हण्याबद्दल आदर वाटला. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने तो उतरवला. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जास्तीचे डिझेल काम अर्धवट राहिले की तेलात उतरते, तेल पातळ होते आणि इंजिन झिजते. म्हणजे ते व्याज नव्हते, अफरातफर होती.

तेल बदलले. दिवा पुन्हा लागला. या वेळी लालसर दिसला. सर्व्हिस सेंटरने जाळी बदलावी लागली तर किती पडतील तो आकडा सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, कारण आमची ही हे लेख वाचते.

अशा मनःस्थितीत मी ओळखीच्या एका मेस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीखाली डोके घातले, बाहेर काढले आणि हसला.

"साहेब, ह्या जाळीचं काय लोणचं घालायचंय का? पोट फाडतो, जाळी काढतो, वरून वेल्डिंग मारतो. बाहेरून ब्रह्मदेवाला कळायचं नाय. कॉम्प्युटरला सांगून ठेवतो, जाळी हाये आणि साफ हाये. तो बिचारा सरळ असतो, मानतो."

"आणि पीयूसी?"

"तिथं धूर काळा दिसतो का ते बघतात. तुमची गाडी नवी. दिसायचाच नाय. निम्म्या गाड्या अशाच फिरतात साहेब."

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. कंपनीने बनवली त्याहून वेगळी गाडी मालकाने परस्पर करू नये, असे ते सांगते. मला कायद्याची भीती वाटते. पण ब्रह्मदेवालासुद्धा कळणार नाही म्हटल्यावर आरटीओला काय कळणार? भीती गेली. आणि वाचकहो, भीती गेली की खरी पंचाईत सुरू होते. भीती असेपर्यंत आपण सज्जन आहोत की भित्रे आहोत, हे आपले आपल्यालाही कळत नाही. निम्मी दुनिया याच गोंधळाच्या आधारावर सज्जन म्हणून मिरवते. मी मेस्त्रीकडे दोन दिवसांची मुदत मागितली.

रात्री वही घेऊन बसलो. जमेच्या बाजूला लिहिले: घोटीच्या फेऱ्या वाचतील, टोल वाचेल, तेल वाचेल, जाळी वाचेल, मिसळ वाचेल. नावे बाजूला मेस्त्रीची मजुरी. बेरीज केली. फायदा एवढा होता की मीच चकित झालो. आणि चकित झालो म्हणूनच संशय आला. बँकेत असा नियम आहे की, एवढा फायदा दिसला तर एखादी नोंद राहिली आहे असे समजावे.

राहिलेली नोंद सापडायला वेळ लागला नाही. अकरावीला हिशेब शिकवताना सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिले होते: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. प्रत्येक व्यवहाराला दोन टोके. एकाच्या खात्यातून गेलेले दुसऱ्याच्या खात्यात पडलेच पाहिजे, हवेत नाहीसे होत नाही. आणि मेस्त्री काय म्हणत होता? काजळी हवेत सोडून देऊ. म्हणजे माझ्या खात्यातून ती जाणार. पण घेणार कोण?

घेणार मागचा. आणि मागच्याला मी चांगला ओळखतो, कारण गाडी घ्यायच्या आधी वीस वर्षे मागचा मीच होतो. स्कूटरवर, ट्रकांच्या मागे, द्वारका चौकात. पांढरा शर्ट घालून निघायचो आणि करड्या शर्टाने घरी यायचो. संध्याकाळी तोंड धुतले की बेसिनमध्ये काळे पाणी. मी त्या काजळीवर सही केली नव्हती, पासबुक दाखवले नव्हते, तरी ती रोज माझ्या नावे पडत होती. आणि रुमालावर दिसायची ती फक्त जाडीभरडी. खरी बारीक काजळी केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहून लहान असते. ती नाकात थांबत नाही, शर्टावर दिसत नाही, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने डिझेलचा धूर हे कर्करोगाचे निश्चित कारण आहे, असे जाहीर करून टाकले. मेस्त्री म्हणाला, दिसायचाच नाय. तो त्यातला गुण म्हणून सांगत होता.

मनात लगेच दुसरा वकील उभा राहिला. एवढ्या ट्रकांत, टेम्पोंत तुझ्या एकट्याच्या गाडीची काजळी ती किती? हा युक्तिवाद मी फार जुना ओळखतो. नोकरीला लागलो तेव्हा शाखेत अजून जाडजूड लेजर होती आणि रात्री आठ-आठ वाजेपर्यंत बॅलन्सिंग चाले. एकदा दहा पैशांचा फरक येत होता. मी नवा होतो. खिशातून दहा पैसे काढून हेडकॅशियरसाहेबांसमोर ठेवले आणि म्हणालो, "साहेब, हे घ्या, मी भरतो. घरी जाऊ." त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "पैसे दहा आहेत राव. फरक किती आहे ते अजून कुठे कळलंय?" साडेनऊला सापडले. दोन मोठ्या रकमा चुकीच्या पडल्या होत्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही मिळून वर फक्त दहा पैसे दिसत होते.

पण माझा निकाल हेडकॅशियरसाहेबांनी लावला नाही. तो आजीने लावला.

आमचे आजोळ निफाड तालुक्यातले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दहा-बारा मुले तिथे असायचो. वीज होती, पण ती पाहुण्यासारखी येऊन जायची. संध्याकाळ झाली की आजी कंदील काढायची आणि काल ज्याने अभ्यासाला किंवा पत्त्यांना कंदील घेतला असेल त्याच्या हातात काच द्यायची. राख घ्यायची, फडके घ्यायचे आणि काच आतून स्वच्छ करायची. आम्ही कुरकुरत असू. वात मोठी करून पत्ते खेळले की काच जास्त काळी व्हायची. "उजेड तू घेतलास ना बाळा? मग काजळी का मी पुसू?" ती म्हणायची. न्याय एवढाच, आणि याहून जास्त न्याय मला पुढे कुठल्या पुस्तकात मिळाला नाही.

फक्त एका ठिकाणी तिने हा न्याय पाळला नाही. चुलीजवळ. पहाटे चारपासून ती फुंकणी घेऊन बसायची. भाकरी आम्ही सगळे खायचो. चुलीमागची भिंत काळी होती, आढे काळे होते आणि पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला तिचा खोकला ऐकू यायचा. कोरडा, लांबलचक. आम्हाला वाटे, आजी म्हटली की खोकला असणारच. साठीच्या आतच तिचा दम गेला. मोठ्यांनी तिला दमेकरी ठरवले. ती काजळी कोणाच्या नावे होती, हे घरात कोणी विचारले नाही. बारा माणसांच्या भाकरीची काजळी एकाच खात्यावर पडत होती आणि ते खाते कधी इन्स्पेक्शनला आले नाही.

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीला नको म्हणून सांगितले.

"तुम्ही बँकवाले लय हिशोबी," तो म्हणाला.

"हो ना," मी म्हणालो.

इथे लेख संपवून मी थोर ठरलो असतो. पण कॉमर्सवाल्याला पुढचे पान उलटायची खोड असते. घोटीला जाऊन यायचे म्हणजे चार-पाच लिटर डिझेल. एक लिटर जळले की सुमारे अडीच-पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड. मूठभर काजळी जाळायला मी दर खेपेला दहा किलोंहून अधिक वायू आकाशाच्या नावे टाकत होतो. काजळी शून्य होत नव्हती, दुसऱ्या खात्यात वळती होत होती. शिवाय जाळीत इंजिन तेलाची राख साठते, ती कितीही तापवली तरी जळत नाही. ते बुडीत कर्ज. पुढेमागे जाळी काढून ती धुवावी तरी लागते किंवा जाळीच निर्लेखित करावी लागते.

म्हणजे जाळी काढणे हे पाप होते आणि जाळी जपणे हे काही फार मोठे पुण्य नव्हते. चूक जाळीच्या आधीची होती. बँकेत चुकीची नोंद पडली तर तिच्यावर खाडाखोड करीत नाहीत, उलटी नोंद टाकतात. माझी चुकीची नोंद साडेचार किलोमीटरची होती. इतक्या अंतराला दीड टनाचे धूड कशाला लागते, हा प्रश्न मी मेव्हण्याला नव्हे, स्वतःला विचारायला हवा होता. तेव्हा नाही विचारला, आता विचारला. आता मी सिटीलिंकच्या बसने बँकेत जातो आणि संध्याकाळी बरे वाटले तर चालत येतो. गाडी फक्त लांबच्या गावाला निघते. जाळी त्यात आपोआप साफ होते. मुंबई नाक्याच्या थांब्यावर मी पुन्हा मागचा झालो आहे. समोरून एखादी ऐटबाज गाडी जाते, धूर दिसत नाही, आणि मी उगीच विचार करीत राहतो की, हिच्या पोटात जाळी आहे का?

तीन महिने झाले, दिवा लागलेला नाही. मी खूश आहे. ही मात्र नाही. दर रविवारी पहाटे विचारते, "अहो, दिवा लागला का?"

"नाही."

"नीट बघितलात?"

परवा तिला राहवले नाही. चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "असं करा ना, या आठवड्यात दोन-चार दिवस गाडीनेच जा बँकेत. तेवढ्याने लागेल. वाडीवऱ्ह्याच्या मिसळीला किती दिवस झाले!"